उंबरठ्यावर अडलेली माणसं

१५ ऑक्टोबर १९६४. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान होतं. मजूर पक्ष तेरा वर्षं सत्तेबाहेर होता आणि त्याचे नेते हॅरल्ड विल्सन यांना ही निवडणूक कोणत्याही परिस्थितीत गमवायची नव्हती. लढत अटीतटीची होती. अशा वेळी विल्सन यांच्या काळजीच्या यादीत एका विनोदी मालिकेचंही नाव होतं. मतदान रात्री नऊला संपणार होतं आणि त्याआधी, लोक कामावरून घरी येऊन टेकतात नेमक्या त्या वेळी, बीबीसी ‘स्टेप्टो अँड सन’चा भाग दाखवणार होती. कष्टकरी मतदार एकदा का टीव्हीपुढे बसला की उठून मतदान केंद्रावर जायचा नाही, ही विल्सन यांची भीती. ते थेट बीबीसीचे महासंचालक ह्यू ग्रीन यांच्याकडे गेले आणि ग्रीन यांनी तो भाग मतदान संपेपर्यंत पुढे ढकलला. मजूर पक्ष जिंकला. बहुमत होतं अवघ्या चार जागांचं.

ज्या मालिकेपायी देशाचा भावी पंतप्रधान धास्तावला, तिच्यात होतं काय? लंडनमधला एक भंगारवाला म्हातारा, त्याचा लग्नाचं वय उलटून चाललेला मुलगा, एक घोडा आणि अडगळीनं भरलेलं अंगण. ती लिहिणारे रे गाल्टन आणि ॲलन सिम्पसन तेव्हा चौतीस वर्षांचे होते. दोघांपैकी एकानंही लेखनाचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. त्यांची शाळा वेगळीच होती आणि त्या शाळेनं त्यांना दिलेला विषय जन्मभर पुरला. बाहेर पडायची धडपड करणारा आणि बाहेर पडू न शकणारा माणूस, हा तो विषय.

मिलफर्डच्या खाटा

गाल्टन १९३० साली पॅडिंग्टनमध्ये जन्मले, सिम्पसन त्याच्या आदल्या वर्षी ब्रिक्स्टनमध्ये. दोघेही लंडनचे, साध्या घरांतले. एक कामगार संघटनेच्या कचेरीत लागला, दुसरा जहाज कंपनीत कारकून झाला. विशीही गाठली नव्हती तोच दोघांना क्षयानं गाठलं. १९४८ साली सरे परगण्यात, गोडालमिंग गावाजवळच्या मिलफर्ड सॅनेटोरियममध्ये त्यांची भेट झाली.

क्षयावर मात करणारं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं होतं आणि ब्रिटनमधल्या त्याच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ मध्येच प्रसिद्ध झाले. सामान्य रोग्यासाठी मात्र उपचार अजून जुनेच होते. विश्रांती, मोकळी हवा, पौष्टिक अन्न, आणि पुन्हा विश्रांती. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहायचं. शेजारची खाट एखाद्या सकाळी रिकामी दिसायची आणि ती का रिकामी झाली हे कुणी कुणाला विचारायचं नाही. गाल्टनच्या हाती आता काही आठवडेच आहेत, असंही डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं म्हणतात.

अशा जागी दोन तरुण जीव तग धरतात ते कशाच्या आधारानं? या दोघांना रेडिओनं तारलं. युरोपातल्या अमेरिकी सैनिकांसाठी चालणारं केंद्र तिथे ऐकू यायचं आणि त्यावर अमेरिकी विनोदाचे उत्तमोत्तम कार्यक्रम लागायचे. ते ऐकताना जॅक बेनीसारखा कलावंत नुसत्या थांबण्यातून हशा कसा मिळवतो, हे दोघं मनाशी टिपत होते. पुढे रोग्यांनीच रोग्यांसाठी चालवलेल्या छोट्या रेडिओकेंद्रासाठी दोघांनी प्रहसनं लिहायला घेतली. विषय दुसरा कुठला असणार? सॅनेटोरियमचंच जगणं. ऐकणारे सगळे त्याच खाटांवर पडलेले. ज्याला उद्याची खात्री नाही त्याला हसवायचं तर बेगडी विनोद चालत नाही; आपण कुठे आहोत हे त्याला पुरतं ठाऊक असतं. माझ्या मते या दोघांचं खरं शिक्षण इथेच झालं. दुःख झाकून हसवता येत नाही, त्याच्याकडे सरळ बघूनच हसवता येतं, हे त्यांना विशीच्या आत कळलं.

बरं वाटू लागल्यावर त्यांनी फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या तेव्हाच्या आघाडीच्या लेखकजोडीला पत्र लिहिलं. विनोदी लेखक व्हायचं तर काय करावं? उत्तर आलं. बीबीसीत संहिता वाचणाऱ्या गेल पेड्रिक यांच्याकडे काहीतरी लिहून पाठवा, असा तो सल्ला होता. त्यांनी पाठवलं आणि बीबीसीचं दार किलकिलं झालं. आधी एका विनोदवीराला सुटे विनोद विकायचे. मग १९५१ मध्ये ‘हॅपी गो लकी’ नावाचा रेडिओ कार्यक्रम मोडकळीला आला तेव्हा त्याचे उरलेले भाग लिहायची जबाबदारी या दोन पोरांवर पडली. त्याच कार्यक्रमात त्यांना एक पडेल खांद्यांचा, मोठ्या डोळ्यांचा नट भेटला. टोनी हॅन्कॉक.

विनोद वगळणारे विनोदी लेखक

२ नोव्हेंबर १९५४ रोजी ‘हॅन्कॉक्स हाफ अवर’ रेडिओवर सुरू झालं. तेव्हाच्या विनोदी कार्यक्रमांचा साचा ठरलेला होता. थोडी बतावणी, मध्ये गाणं, मग प्रहसन, पुन्हा गाणं, आणि दर आठवड्याला तेच पालुपद, जे ऐकताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवायच्या. गाल्टन-सिम्पसन यांनी ठरवलं की गाणी नकोत, पालुपदं नकोत, सुटे विनोदही नकोत. अर्धा तास एकच गोष्ट सांगायची आणि हसू त्या माणसाच्या स्वभावातूनच निघालं पाहिजे.

तो माणूस म्हणजे ईस्ट चीमच्या ‘२३, रेल्वे कटिंग्ज’ या काल्पनिक पत्त्यावर राहणारा हॅन्कॉक. स्वतःला विद्वान, रसिक, कुलीन समजणारा. खिशात दमडी नसलेला. जगानं आपली कदर केली नाही म्हणून कायम रुसलेला. सोबतीला सिड जेम्सचा लबाड मित्र, जो याला दर वेळी टोपी घालतो. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये साम्राज्य हातचं गेलं होतं आणि रेशनिंग नुकतंच संपलं होतं, तरी ऐट सुटत नव्हती. श्रोत्यांना हॅन्कॉकमध्ये आपला शेजारी दिसला आणि जरा लक्ष देऊन ऐकल्यावर आपणही दिसलो.

एप्रिल १९५८ मधला ‘संडे आफ्टरनून ॲट होम’ हा भाग तर मुद्दाम ऐकावा. रविवारची दुपार, बाहेर पाऊस, दुकानं बंद, घरात चार माणसं आणि करायला काही नाही. भागभर काहीही घडत नाही. सुस्कारे, कंटाळा, घड्याळाकडे पाहणं, एखादं वाक्य, पुन्हा शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडलं की काय अशी शंका येण्याचा तो काळ. त्यात या दोघांनी शांतता हेच हत्यार केलं. वेळ काढणं म्हणजे काय हे वर्षानुवर्षं खाटेवर काढलेल्या माणसांना वेगळं शिकावं लागलं नव्हतं.

१९५६ मध्ये हॅन्कॉक दूरचित्रवाणीवर आला. रेडिओचे शंभराहून अधिक आणि टीव्हीचे साठाहून अधिक भाग या दोघांनीच लिहिले. पु. ल. देशपांडे त्याच दशकाच्या अखेरीस बीबीसीत वर्षभर शिकायला होते, ज्या मुक्कामातून पुढे ‘अपूर्वाई’ झालं. तेव्हा हॅन्कॉकचा अर्धा तास ब्रिटनच्या घराघरांत पोचलेला होता. आपल्या नभोवाणीला आणि पुढे दूरचित्रवाणीला वळण लावणारा मराठी लेखक ज्या संस्थेत धडे घेत होता, त्याच संस्थेत हे दोघं विनोदी मालिकेचं व्याकरण घडवत होते.

दोघांची लिहायची पद्धत त्यांच्या मुलाखतींतून नीट कळते. सिम्पसन टंकलेखन यंत्रापाशी बसायचे, गाल्टन खोलीत फेऱ्या मारायचे किंवा सरळ जमिनीवर आडवे व्हायचे. नियम एकच होता. दोघांना पटल्याशिवाय एक शब्दही कागदावर उतरायचा नाही. त्यामुळे तासन्‌तास कुणी बोलत नसे. एकदा वाक्य उतरलं की ते पक्कं. कोणतं वाक्य कुणाचं हे नंतर त्यांनाही सांगता येत नसे आणि सांगावंसंही वाटत नसे.

कचेरीचीही एक कहाणी आहे. १९५४ च्या सुमारास त्यांनी स्पाइक मिलिगन आणि एरिक साइक्स यांच्यासोबत ‘असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स’ ही लेखकांची संस्था उभी केली. जागा शेफर्ड्स बुशमधल्या एका भाजीवाल्याच्या दुकानावर. दलालांनी आपला वाटा कापण्यापेक्षा लेखकांनी एकत्र येऊन आपले करार आपण करावेत, असा साधा विचार त्यामागे होता. चिटणीस म्हणून आलेल्या बेरिल व्हर्ट्यू पाहता पाहता सगळ्यांचे करार करू लागल्या. टेरी नेशनसारखे तरुण लेखक याच संस्थेत आले. ‘डॉक्टर हू’मधले डॅलेक ही नेशन यांची निर्मिती, आणि त्यांच्या खेळण्यांच्या विक्रीत लेखकाचा हिस्सा राहिला तो व्हर्ट्यूबाईंच्या दक्षतेमुळे. विनोदी लेखकांनी पन्नासच्या दशकात स्वतःची सहकारी चूल मांडली, ही गोष्ट आपल्याकडच्या लेखकांनी आजही लक्षात घ्यावी अशी आहे.

एकट्याचा अर्धा तास

१९६१ पर्यंत हॅन्कॉक देशातला सर्वांत लाडका विनोदी नट झाला होता आणि अस्वस्थही. सिड जेम्सशी आपली जोडी जुळून गेली तर आपण एकटे उरणार नाही, या धास्तीनं त्यानं सिडला मालिकेतून दूर केलं. लेखकांनी हे आव्हान मानलं. नव्या मालिकेचा पहिलाच भाग, ‘द बेडसिटर’, त्यांनी एका पात्रावर लिहिला. भाड्याची खोली, तीत एकटा हॅन्कॉक. जाड तत्त्वज्ञानाचं पुस्तक वाचायचा प्रयत्न, आरशासमोरचे चाळे, टीव्हीशी झटापट, चुकून आलेला फोन, एका मेजवानीचं आमंत्रण, आणि ते हुकणं. सबंध भागात खोलीत दुसरं माणूस नाही.

त्याच वर्षीच्या जूनमधला ‘द ब्लड डोनर’ ब्रिटिश प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. देशसेवेच्या ऊर्मीनं हॅन्कॉक रक्तदानाला जातो. बोटाला सुई टोचून तपासणीपुरता थेंब घेतला की त्याला वाटतं झालं दान, आणि तो बिस्किटं मागायच्या बेतात असतो. खरं रक्त किती द्यायचं हे कळल्यावर त्याचे हातपाय गार पडतात. शेवटी घरच्या सुरीनं बोट कापून घेऊन तो त्याच इस्पितळात परततो आणि त्यानं दिलेलं रक्त त्यालाच चढवायची वेळ येते. परोपकार आणि फुशारकी एकाच माणसात किती दाटीवाटीनं नांदतात, हे इतक्या मायेनं क्वचितच कुणी लिहिलं असेल. त्या भागाआधी हॅन्कॉकला मोटार अपघात झाला होता. संवाद पाठ करायला वेळ नव्हता म्हणून समोर फलक धरले गेले. जाणकाराला त्याची नजर बाजूला वळताना दिसते. पुढे त्याला त्या फलकांची सवयच लागली.

याच वर्षी हॅन्कॉक आणि त्याचे लेखक वेगळे झाले. त्याला जागतिक दर्जाचा चित्रपटनट व्हायचं होतं. दोघांनी त्याच्यासाठी ‘द रिबेल’ लिहिला, पुढच्या पटकथा त्याला पसंत पडेनात. दारू वाढत गेली, काम घटत गेलं. २५ जून १९६८ रोजी सिडनीत त्यानं आयुष्य संपवलं. तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. लेखकांवर याचा ठपका ठेवणं अन्यायाचं होईल. पण त्यांनी रंगवलेला माणूस आणि तो साकारणारा नट यांच्यातलं अंतर फार थोडं होतं, हेही खरं.

गाडी हलत नाही

हॅन्कॉक १९६१ मध्ये वेगळा झाल्यावर बीबीसीच्या मनोरंजन विभागाचे टॉम स्लोन यांनी लेखकांपुढे जो प्रस्ताव ठेवला, तो वाचून आजही हेवा वाटतो. दहा अर्धे तास तुमचे. विषय तुमचा, नट तुम्ही निवडा, हवं ते लिहा. नाव ‘कॉमेडी प्लेहाउस’. ५ जानेवारी १९६२ रोजी दाखवल्या गेलेल्या चौथ्या भागाचं नाव होतं ‘द ऑफर’.

भंगारवाला बाप अल्बर्ट आणि त्याचा मुलगा हॅरल्ड. हॅरल्डला कुठूनतरी बरं काम चालून आलंय, तो घर सोडून निघालाय. सामान घोडागाडीवर रचतो. बाप घोडा देत नाही. मग हॅरल्ड स्वतः गाडी ओढायला लागतो. ती जागची हलत नाही. तो जीव खाऊन ओढतो, शिव्या देतो, विनवतो आणि शेवटी रडू लागतो. बाप येतो, चहा टाकतो म्हणतो आणि त्याला हळूच आत घेऊन जातो.

या भूमिकांसाठी लेखकांनी विनोदवीर मुद्दाम टाळले. त्यांना नट हवे होते. हॅरी एच. कॉर्बेट हे जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉपमध्ये गंभीर नाटकं केलेले नट. बाप झालेले विल्फ्रिड ब्रॅम्बेल त्यांच्याहून तेरा वर्षांनीच मोठे. तालमीत कॉर्बेट यांच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं तेव्हा आपण चकित झालो, असं लेखकांनी नंतर अनेकदा सांगितलं. विनोदवीरानं हुंदका दाखवला असता. नटानं तो दिला. स्लोन यांना तिथेच मालिका दिसली. लेखक एका साच्यात पुन्हा अडकायला तयार नव्हते. नट हो म्हणाले तरच करू, असं म्हणून त्यांनी टाळायचा प्रयत्न केला, आणि नट हो म्हणाले.

जून १९६२ पासून ‘स्टेप्टो अँड सन’ सुरू झालं. दोन कोटींहून अधिक प्रेक्षक ते पाहू लागले. हॅरल्डला पुस्तकं हवीत, उंची वाइन हवी, शास्त्रीय संगीत हवं, समाजवादी विचार हवेत. अल्बर्ट न्हाणीच्या टबात बसून लोणच्यातले कांदे खातो. हॅरल्ड दर भागात उंबरठ्यापर्यंत पोचतो. बाप कधी दुखण्याचं सोंग घेतो, कधी आईची आठवण काढतो, आणि मुलगा परत फिरतो. १९७२ च्या एका भागात हॅरल्ड कंटाळून घराची मधोमध वाटणीच करतो. दोघांमध्ये भिंत, जायला-यायला पैसे टाकून फिरणारं दार आणि टीव्हीच्या पडद्याचेही दोन भाग. वाटणीची भांडणं पाहिलेल्या कोणत्याही मराठी घराला यातलं हसू आणि त्याखालची कळ दोन्ही लागतील.

मालिका १९६५ ला थांबली, १९७० ला परतली, १९७४ ला संपली. तोवर नटांवर भूमिकेचा शिक्का पक्का बसला होता. कॉर्बेटसारख्या ताकदीच्या नटाला लोक पुढे हॅरल्ड म्हणूनच ओळखत राहिले. निसटू न शकणाऱ्या माणसाची भूमिका नटालाही निसटू देईना.

कागद उरला

या कारकिर्दीचं एक व्यावहारिक अंगही आहे. बेरिल व्हर्ट्यू यांनी ‘स्टेप्टो’ मालिकेचे भाग विकण्याऐवजी तिच्या मूळ कल्पनेचे आणि संहितांचे हक्क परदेशी वाहिन्यांना विकले. स्वीडनमध्ये तिची मालिका झाली, नेदरलँड्समध्ये झाली. अमेरिकेत नॉर्मन लिअर आणि बड यॉर्किन यांनी जानेवारी १९७२ मध्ये ‘सॅनफर्ड अँड सन’ आणली. लंडनचं अंगण लॉस एंजेलिसच्या वॉट्समध्ये गेलं, बापलेक कृष्णवर्णीय झाले, बापाच्या भूमिकेत रेड फॉक्स आले. मालिका पाच वर्षं गाजली. बाप, लेक आणि न सुटणारं घर ही गोष्ट कुठल्याही रंगाच्या, कुठल्याही भाषेच्या माणसाला आपली वाटते, याचा हा पुरावा होता.

सिम्पसन यांनी १९७८ मध्ये लेखन थांबवलं. गाल्टन लिहीत राहिले. जॉन अँट्रोबस यांच्याबरोबर त्यांनी १९९७ मध्ये ‘गेट वेल सून’ ही मालिका केली, ती क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियमवरच होती. २००० साली दोघांना ओबीई मिळाली, २०१६ मध्ये बाफ्टा फेलोशिप. सिम्पसन ८ फेब्रुवारी २०१७ रोजी गेले, गाल्टन ५ ऑक्टोबर २०१८ रोजी. ज्यांनी पंचविशी पाहण्याची शाश्वती नव्हती ते ऐंशी ओलांडून जगले.

बीबीसीनं त्या काळात टेपा पुसून पुन्हा वापरल्या. हॅन्कॉकचे कितीतरी भाग कायमचे गेले. रंगीत चित्रित झालेल्या ‘स्टेप्टो’च्या काही भागांच्या कृष्णधवल प्रती उरल्या त्या लेखकांनी जपून ठेवल्या म्हणून. पण संहिता शाबूत होत्या. २०१४ पासून बीबीसी रेडिओनं हरवलेल्या हॅन्कॉकचे भाग केव्हिन मॅकनॅली यांच्याकडून नव्यानं करून घेतले. २०१६ मध्ये टीव्हीवरही ‘हॅन्कॉक’ आणि ‘स्टेप्टो’चे जुने भाग नव्या नटांनी सादर केले. मूळ नट नव्हते, मूळ आवाज नव्हता, काळ साठ वर्षं पुढे गेला होता. तरी लोक हसले, कारण हसू लिहिलेलं होतं.

मला हा लेख लिहावासा वाटला तो यासाठी. आपल्याकडे विनोदी कार्यक्रमांतल्या नटांची नावं पोराबाळांना पाठ असतात. लेखकाचं नाव श्रेयनामावलीत झरकन निघून जातं. चि. वि. जोशींचा चिमणराव सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर आला आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी तो अजरामर केला, कारण खाली चिविंनी रचलेला पक्का माणूस होता. आपल्याला असा माणूस रचणारे लेखक मिळत नाहीत, असं मी मानत नाही. ते आहेत. त्यांना दर आठवड्याच्या हशांच्या हिशेबातून सोडवायला हवं. एखाद्या वाहिनीनं दोन लेखकांना दहा अर्धे तास मोकळे द्यावेत, त्यांचे करार त्यांच्या बाजूनं व्हावेत आणि त्यांनी लिहिलेल्या संहिता नीट जपल्या जाव्यात. साठ वर्षांनी, आज जन्मलेलीही नसलेली माणसं, अनोळखी नटांच्या तोंडून त्या ऐकून हसली, तर तेवढ्यानं मराठी दूरचित्रवाणीचं ऋण फिटेल.